खंडेनवमीला तडकलेलं इंजिन

माझ्या दिरानं माझं इंजिन फोडलं. हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलंय की नवरा आता ते सुरू झालं की पेपर तोंडासमोर धरतो. म्हणून लिहून ठेवते. कागद मध्येच उठून चहा करायला जात नाही.

आमची नर्सरी नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून बरीच आत आहे. सासऱ्यांची पडीक जमीन होती, अकरा वर्षांपूर्वी मी ती हातात घेतली. नवरा कॉलेजात शिकवतो. जास्वंद आणि गुलाब यातला फरक त्याला फूल आल्यावरच कळतो. दीर एका सरकारी कारखान्यात वेल्डर आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, हा आकडा तो दिवसातून दोनदा सांगतो. आम्ही सगळे शहरात, चेरीतालला एकाच घरात राहतो, तो आणि जाऊबाई खाली, आम्ही वर. नर्सरी मी आणि कामाला येणारी एक बाई, दोघी मिळून चालवतो.

तिथवर विजेचे खांब अजून आलेले नाहीत. विहीर आहे आणि विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. हँडल मीच मारते. त्याचा आवाज जरा बदलला तरी मला शेवंतीच्या वाफ्यातून कळतं. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी तो आवाज बदलला. जाऊन बघितलं तर इंजिन भयंकर तापलेलं. पंपातून इंजिनाला थंड ठेवायला पाणी जातं त्या बारक्या नळीत शेवाळ अडकलं होतं. आतलं पाणी आटून वाफ होऊन गेलेलं. मी इंजिन बंद केलं, नळी काढून घेतली आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगितलं, "तासभर कोणी हात लावायचा नाही. पाणी तर अजिबात घालायचं नाही."

सगळे म्हणजे नवरा आणि दीर. दोघंही पूजेसाठी आले होते. आमच्याकडे खंडेनवमीला नर्सरीतलं सगळं पूजतात: कुदळी, खुरपी, कलमाच्या कात्र्या, फवारणीचा पंप आणि शेवटी इंजिन. ही पूजा दीर करतो. का, तर सासरे करायचे आणि ते गेल्यावर त्यानं सोवळं नेसलं. अकरा वर्षं त्या इंजिनाचं तेल मी बदलते, पण पूजेला मी नैवेद्याचं ताट धरते.

मी नळीतलं शेवाळ तारेनं खरवडत विहिरीच्या पलीकडे बसले होते. इकडे भाऊजींना मुहूर्ताची घाई झाली. सकाळीच ते ग्वारीघाटावर नर्मदेत बुडी मारून आले होते आणि येताना पाच लिटरचा कॅन भरून आणला होता. आधी त्यांनी तांब्यानं इंजिनावर वरून पाणी सोडलं. चर्र झालं. तो आवाज ऐकून मी उठले तेवढ्यात त्यांनी उरलेला कॅन, नळी लागते त्या तोंडातून आत ओतला. आतूनही शुद्ध व्हावं म्हणून.

टण्ण. घंटेवर हातोडी मारल्यासारखा एकच आवाज आला.

मी पोचले तोवर ब्लॉकच्या, म्हणजे पिस्टन चालतो त्या ओतीव भांड्याच्या, बाहेरच्या भिंतीवर, चार बोटं लांब, केसासारखी रेघ उमटली होती. रेघेतून पाणी झिरपत होतं आणि झिरपता झिरपता वाफ होत होतं.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"काहून? काय झालं?"

"तापलेल्या बिडावर थंड पाणी ओतलंत. तडकलं ते."

त्यांनी वाकून बघितलं. मग ताठ उभे राहिले. "ही तर जुनी लकीर आहे, वहिनी. कास्टिंगची. पहिलेपासूनच असन."

"सकाळी मी फडक्यानं पुसलंय इंजिन. नव्हती."

"आता मैयाच्या पाण्यानं कुठं इंजिन फुटते काय?" ते नवऱ्याकडे वळून म्हणाले. "सांग न दादा. मैयाचं पाणी आहे थे."

नर्मदेला आमच्या शहरात कोणी नदी म्हणत नाही, मैयाच म्हणतात. मैयाच्या पाण्यानं काही बिघडलं असं म्हणणारी बाई म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. भाऊजी त्या पाच लिटरच्या कॅनमागे जाऊन उभे राहिले होते, आणि तिथून त्यांना कोणी बाहेर काढू शकणार नव्हतं. पाणी नळाचं असतं तरी तडकलंच असतं, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "पण नळाचं नव्हतं न?"

नवरा म्हणाला, "जाऊ दे. सणाचा दिवस आहे."

मग त्यांनी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं ओढली, फूल वाहिलं आणि आरती म्हटली. मी ताट धरलं होतं. माझ्या हातून ते सुटलं नाही, याचं श्रेय मला अजून कोणी दिलेलं नाही.

अडचण काय होती ते सांगते. अठराशे कुंड्या शेवंती होती, दिवाळीसाठी केलेली. जूनमध्ये फाटे लावले, ऑगस्टमध्ये शेंडे खुडले, आता कळ्या धरल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन साधं नसतं. कुंडीतल्या मातीला रोज पाणी लागतं, आणि कळी धरलेल्या शेवंतीनं एकदा मान टाकली की कळी करपते. नंतर समुद्र ओतला तरी ती फुलत नाही. माझं वर्ष त्या कळ्यांत होतं.

नेहमीचा मिस्त्री सणाला गावी गेला होता, कोजागिरीनंतर येणार म्हणाला. नवा ब्लॉक मागवायचा तर दुकानदार म्हणाला आठ दिवस, जुनं मॉडेल आहे. भाड्यानं पंप देणारा ओळखीचा एकच, त्याचे दोन्ही पंप मूर्ती विसर्जनाच्या कुंडांवर लागलेले. टँकरवाल्यानं फोन उचलला आणि नर्सरीच्या वाटेची रुंदी ऐकून ठेवून दिला.

"मी आहे न," भाऊजी म्हणाले. "कशाला दुनियाभर फोन करून राहिल्या? उद्या घरी वेल्ड मारतो. दोन मिनटाचं काम."

दोघा भावांनी ब्लॉक उतरवला आणि गाडीच्या डिकीत घालून चेरीतालला नेला. मी आणि बाई विहिरीतून बादल्या काढत राहिलो. संध्याकाळपर्यंत निम्म्या कुंड्यांना जेमतेम पाणी पोचलं. हाताला दोराचे वळ उठले. बाई म्हणाली, "दीदी, रोज ऐसे तो सब नहीं बचेंगी. तय कर लो, किसको पिलाना है."

तिचं बरोबर होतं. मी कडेच्या सहा ओळी सोडल्या. सोडल्या म्हणजे रोज त्यांच्या शेजारून भरलेली बादली घेऊन जायचं आणि तिकडे बघायचं नाही.

दसऱ्याच्या सकाळी भाऊजींनी अंगणात वेल्डिंगचं मशीन काढलं. काळा चष्मा लावला. गल्लीतली चार माणसं चहा घेऊन बघायला उभी. मला बीड जोडण्याबद्दल फार काही कळत नव्हतं, पण आदल्या संध्याकाळी मी मिस्त्रीला पुन्हा फोन लावून विचारून घेतलं होतं. तो म्हणाला होता, बीड आधी शेकून गरम करावं लागतं, त्याची वेल्डिंगची कांडी वेगळी येते, आणि काम झाल्यावर राखेत पुरून सावकाश गार करावं लागतं. एवढं जमत असेल तरच हात लावा.

मी ते सगळं भाऊजींना सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले. "मिस्त्रीनं सांगितलं?"

"हो."

"मिस्त्रीची किती वर्षं सर्व्हिस आहे?"

चहावाले हसले. भाऊजींनी साधी कांडी लावली, दरवाज्याच्या जाळीला लावतात ती. मी म्हटलं, "भाऊजी, निदान कोळशावर थोडं शेकून तरी घ्या. तुम्ही कारखान्यात पोलाद जोडता, हे बीड आहे."

"वहिनी, तुम्ही शेवंती पहा. मी इंजिन पाहतो."

एकाच दमात त्यांनी सरळ रेघ ओढली. दिसायला सुरेख, हे मान्य करते. हात चांगला आहे त्यांचा. चहावाल्यांनी वाहवा केली. भाऊजींनी चष्मा वर सरकवला आणि ब्लॉक तसाच फरशीवर ठेवला.

थोड्या वेळानं आवाज यायला लागला. टिक. मग पुन्हा, टिक. टिक टिक. चहावाले कुठून येतो म्हणून इकडेतिकडे बघायला लागले. ब्लॉक थंड होत होता आणि वेल्डच्या कडेकडेनं फाटत होता. अर्ध्या तासानं वेल्डच्या शेजारी दुसरी रेघ होती, पहिलीपेक्षा लांब.

"लोहाच खराब है," भाऊजी हिंदीत म्हणाले. चूक त्यांची असली की ते हिंदीत बोलतात. मग हात धुऊन ते सोनं लुटायला बाहेर पडले.

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन वर आले. दरवर्षीसारखे दादाच्या पाया पडले, मग माझ्या पायाशी वाकले. "सोनं घ्या, वहिनी. सोन्यासारखे राहू."

मी पान घेतलं. "आशीर्वाद कोणता देऊ, भाऊजी? अजून अठ्ठावीस वर्षं सर्व्हिस होवो?"

नवऱ्यानं लगेच शिऱ्याची वाटी पुढे केली. भाऊजींनी शिरा खाल्ला, सगळा, आणि जाऊबाईंच्या शिऱ्यापेक्षा चांगला झालाय म्हणून खाली गेले. मी नवऱ्याला विचारलं, "तुला एक शब्द बोलता येत नाही?"

"बोलून काय इंजिन जुळणार आहे का?"

"नाही. पण मला बरं वाटलं असतं."

तो शिऱ्याच्या वाट्या उचलून धुवायला गेला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा आमच्या घरात कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी नर्सरीत बादल्या ओढल्या, साडेदहाला गढ्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानाबाहेर शटर उघडायची वाट बघत उभी होते. इपॉक्सी, म्हणजे दोन डब्यांतलं कालवून लावायचं लुकण, मी नर्सरीतल्या टाक्यांना, फुटक्या पाइपांना कितीदा लावलं आहे. पण हे वेगळं हवं होतं: आत लोखंडाची भुकटी असलेलं, उकळत्या पाण्याची उष्णता सोसणारं. फुटलेली भिंत बाहेरची होती, तिच्या मागे फक्त पाणी. आतल्या डिझेलच्या स्फोटाचा मार तिच्यावर नव्हता. म्हणून जमण्यासारखं होतं.

मी दुकानदाराला समजावून सांगितलं. तो पूर्ण ऐकून म्हणाला, "मैडम, भैया को भेज दीजिए. उनको समझा देंगे."

"कौन से भैया को?"

"जो लगाएँगे."

"मैं लगाऊँगी."

त्यानं नळाला लावायची पुडी काउंटरवर ठेवली. "ये ले जाइए. इसी से सब होता है."

मी ती परत सरकवली आणि म्हटलं, दोन डब्यांचं द्या, पाकिटावर किती डिग्री लिहिलंय ते मला वाचू द्या, आणि मी वाचेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक बघा. त्यानं वरच्या फळीवरून काढलं. असताना आधी का दाखवलं नाही, हे विचारायला माझ्याकडे वेळ नव्हता. ब्लॉकच्या झाकणाखाली बसणारं हेड गॅस्केट दोन दुकानं सोडून मिळालं. तिथेही भैयाला फोन लावून द्या म्हणाले.

घरी ब्लॉक वर आणला तो नवऱ्यानं. एक शब्द न बोलता, तीस पायऱ्या, छातीशी धरून. ते मी लक्षात ठेवलं आहे, नाहीतर इथे त्याच्याबद्दल सगळं वाईटच लिहिलं जायचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर जुनी सतरंजी टाकली, ब्लॉक तिच्यावर. पहिलं काम भाऊजींचा सुरेख वेल्ड ग्राइंडरनं काढून टाकायचं. खाली आवाज गेला असणार. तो जावा म्हणूनच खिडकी उघडी ठेवली होती.

मग रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे पळत नाही. दुसऱ्या रेघेलाही. रेघेवरून खाच काढली, कानसेनं दोन्हीकडची भिंत खरवडून पांढरी केली. कुंकवाचं तेल बिडात मुरलं होतं. थिनरनं चार वेळा पुसलं तरी फडकं लालसर यायचं. पाचव्या वेळी कोरं आलं.

दोन्ही डब्यांतलं सारखं सारखं घेऊन कालवलं, भरलं आणि ब्लॉक खिडकीतल्या उन्हात सरकवला. जरा वेळानं बघते तर एका कोपऱ्यात ते वर उचललं गेलेलं. ब्लॉकच्या आत तळाला थोडं पाणी राहिलं होतं. उन्हात ठेवताच ते रेघेतून बाहेर आलं. ही चूक माझी. संपूर्ण माझी. आतून निथळायला हवा होता आणि मी रागाच्या भरात घाई केली. सगळं खरवडून काढलं, ब्लॉक पालथा घातला, केस वाळवायच्या ड्रायरनं आतून वाळवला आणि पुन्हा भरलं. या वेळी वरून बारीक जाळीचा तुकडा दाबून त्याच्यावर दुसरा थर दिला.

भाऊजी वर आले तेव्हा मी हात पुसत होते.

"हे काय चोपडून राहिल्या? पीठ आहे काय?"

"इपॉक्सी."

"हे इंजिनावर? वहिनी, दोन मिनटात उडून जाईन."

"उडू द्या. तुमचं दोन मिनिटंही नाही टिकलं."

ते गेले. पाकिटावर चोवीस तास लिहिलं होतं. ब्लॉक गच्चीवर उन्हात ठेवला आणि मी परत नर्सरीत गेले. कडेच्या सहा ओळींनी माना टाकल्या होत्या. त्यांच्या पलीकडच्या चार ओळी टाकायच्या बेतात होत्या. बाईनं मला विचारलं नाही, त्यांनाही सोडायचं का. ती त्या बाजूला बादली घेऊन गेलीच नाही, आणि मी बोलावलं नाही.

चौथ्या दिवशी दुपार कलल्यावर नवरा आणि मी ब्लॉक बसवला. मिस्त्रीच्या हाताखाली मी दोनदा हे काम बघितलं होतं. पिस्टनच्या रिंगा बोटांनी दाबत ब्लॉक खाली उतरवायचा होता. नवऱ्याचं बोट चेमटलं, रक्त आलं. तो ओरडला. त्या चार दिवसांत त्यानं आवाज चढवला तो एवढाच. हेड आवळलं, नळी जोडली, मी हँडल मारलं. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं.

वेग कमी ठेवून मी शेजारी बसले, हात पॅचवर. गरम झाला, पण धरवेल इतकाच. थेंब नाही. दहा मिनिटं. अर्धा तास. पलीकडे पाइपाचं पाणी वाफ्यात पडत होतं आणि बाई ओरडून विचारत होती, "दीदी, पहले किधर?"

दहा ओळी गेल्या. बाराशेच्या आसपास कुंड्या वाचल्या. इंजिन आजही त्याच पॅचवर चालतं. नवा ब्लॉक मी मागवून ठेवला आहे, पण घालायची वेळ आलेली नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी भाऊजी खाली कोणाला तरी सांगत होते. मी जिन्यात होते. "वेल्ड माझाच आहे. वहिनीनं वरून थोडं चोपडलं. आम्ही काही बोलत नाही. त्यांना बरं वाटते."

मी खाली उतरले नाही. चार लोकांत भांडणं मला आवडत नाही, माझा वेळ जातो.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाआधी ते दारात ठेवायला सहा कुंड्या शेवंती घेऊन जातात. तसे त्या वर्षीही नर्सरीत आले. डिकी उघडली. मी सहा कुंड्या आणून ठेवल्या, कडेच्या ओळीतल्या. पानं तपकिरी, कळ्या काळ्याठिक्कर.

"वहिनी, ह्या तर वाळल्या."

"हो. तुमच्या वाट्याच्या आहेत."

ते हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "अजून थेच धरून बसल्या? चलो, छोडो न. दिवाळी आहे."

"सोडते. एकदा म्हणा, तुम्ही नको सांगितलेलं असताना मी पाणी ओतलं आणि त्यानं इंजिन तडकलं. इथे बाई आणि मी दोघीच आहोत, तिसरं कोणी नाही. म्हणा, आत्ता चांगल्या सहा देते. बघा, त्या मांडवाखाली काढूनच ठेवल्यात."

त्यांनी मांडवाकडे बघितलं. पिवळ्याजर्द, गच्च भरलेल्या सहा कुंड्या होत्या. ते खरंच विचार करत होते. तोंड उघडलंही एकदा. बाई पाइप हातात धरून उभी होती. मग त्यांनी डिकीतल्या वाळक्या कुंड्या सरकवून नीट लावल्या, एकमेकींवर पडू नयेत अशा, आणि डिकी बंद केली.

"येतो, वहिनी."

दिवाळीचे सगळे दिवस त्या आमच्या जिन्याशी, खालच्या दारात होत्या. जाऊबाईंनी त्यांच्याभोवती पणत्या लावल्या होत्या. फराळाला येणारा जो तो त्यांच्याकडे बघायचा आणि काही न विचारता वर यायचा. मांडवाखालच्या चांगल्या सहा मी दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला विकल्या.